पडताळणी

सत्तरी ओलांडली तरी उजव्या हाताची बोटं
अजून आकड्यांच्या अंतरानं चालतात.
मेथी निवडताना नातू हसतो :
आजी, तू टाइप करतेयस.

टाइप नाही रे. पंच.

बॅलार्ड इस्टेटला, विमा कंपनीत, तिसऱ्या मजल्यावर
थंडगार खोली. थंडी आमच्यासाठी नव्हती,
काचेपलीकडच्या धुडासाठी होती,
आम्हाला आपली त्याची उष्टी झुळूक.
त्याला ताप आला की साहेब धावत येत,
मला आला तर अर्ज लागे.

एका कार्डाला ऐंशी रकाने.
नाव, जन्मसाल, हप्ता, वारस.
मी भोकं पाडायची,
आणि माझ्या पाठीला पाठ लावून एर्मिना परेरा
तेच कार्ड, तोच कागद घेऊन
तेच सगळं पुन्हा बडवायची.
तिचं मशीन भोक पाडत नसे, फक्त विचारत असे :
ही म्हणते ते खरं का?
जुळलं तर कार्डाच्या उजव्या कडेला इवलासा चावा.
नाही जुळलं की लाल दिवा, आणि कळा गप्प.
अकरा वर्षं ती माझ्या चुका शोधत राहिली
आणि सुक्या बोंबलाची चटणी मला देत राहिली.

खाली गेटवर युनियनची माणसं ओरडत,
यंत्र आलं, पोटावर पाय आला.
आम्ही मान खाली घालून आत.
हिशेबखात्यातल्या गुप्त्यांनी एकदा तोंडावर विचारलं,
किती कारकून खातेस गं दिवसाला?
मी मोजले नव्हते. मशीन मोजायचं.

आईचं तेरावं झालं, चौदाव्या दिवशी मी कामावर.
बोटं हलत होती, मी नव्हते.
कुणी घरत, सदानंद लक्ष्मण, मुक्काम पनवेल,
जन्म एकवीस सालचा.
माझ्या हातून एकतीस पडलं.
पाठीमागे लाल दिवा लागला,
मला तो समोरच्या काचेत दिसला.
महिन्यातली तिसरी चूक. पगाराला कात्री.

फेरतपासणीला तीन संधी असत.
दोनदा तिनं खरं दाबलं, दोनदा मशीन अडलं.
तिसऱ्या खेपेला एर्मिनानं सावकाश
एकतीस दाबलं.
कडेला चावा. बरोबर.

दोघींनी मिळून एका माणसाला
दहा वर्षांनी तरुण केलं
आणि डबा खायला गेलो.

कार्डं नंतर रद्दीत गेली. त्याआधी फितीवर चढली,
फितीवरून तबकडीवर, तिथून कुठे
ते मुलगा सांगतो, हात वर करून : क्लाउडवर.
घरी आणलेल्या कोऱ्या कार्डांवर मी वाण्याच्या याद्या लिहिल्या.
पुढे भांडुपला आमच्या गल्लीत सायबर कॅफे आला,
तासाला तीस रुपये, पडदे लावलेली खुराडी,
लेकीनं तिथूनच शिकागोला अर्ज पाठवला
आणि गेली. कॅफेही गेला. तिथे आता मोमो मिळतात.

सगळं एका तळहातावर मावलं,
तरी दर वेळी तेच :
पासवर्ड टाका.
खात्रीसाठी पुन्हा टाका.
पुन्हा टाकणारीही मीच.

परवा पेन्शनच्या कामात फोननं विचारलं,
तुम्ही यंत्रमानव नाही ना?
मग चित्रांतल्या सायकली ओळखा.
ओळखल्या. एक अर्धीच होती, चौकटीबाहेर निघालेली,
ती धरायची की सोडायची,
विचारायला पाठीमागे कुणी नव्हतं.

घरत आता नसणारच.
पण त्या ढगात कुठेतरी तो अजून
दहा वर्षं मागून चालत येतोय,
आम्हा दोघींच्या भरवशावर.

हे एर्मिनाला सांगायचं होतं. लिहिलं,
गोराईच्या तिच्या नंबरावर, मागच्या मंगळवारी.
एकच टिक आली आहे.
रोज बघते. पदरानं काच पुसून बघते.
दुसरी येत नाही तोवर
बरोबर म्हणता येत नाही.